कोर्सची जुनाट वेबसाइट नव्याने उभी करायची आहे? आधी डिझाइन बाजूला ठेवा

वर सरकणारी पट्टी, तिच्या शेजारी लुकलुकणारं लाल ‘न्यू’, खाली व्हिजिटर काउंटर, प्रवेशाची नोटीस तीन वर्षांपूर्वीची आणि स्टाफ लिस्टमध्ये रिटायर झालेले सर अजून एचओडी. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बऱ्याच विभागांच्या साइट्स अशाच दिसतात. साइट केली कोणी म्हणून विचारलं तर एखाद्या माजी विद्यार्थ्याचं नाव निघतं, तो आता पुण्यात नोकरीला, मग काही बदलायचं असलं की ठरलेलं उत्तर, “गणपतीला येईल ना तो, तेव्हा करून घेऊ.”

हे काम आता तुमच्या गळ्यात पडलंय असं धरून लिहितोय. तुम्ही नवीन लागलेले असिस्टंट प्रोफेसर असाल, लॅब असिस्टंट असाल, किंवा ऑफिसातले ज्यांना “तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना” म्हणून पकडलं असे कोणी. प्रोग्रॅमिंग यायला पाहिजे असं काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की साइट जुनी होते ती रंगांमुळे किंवा फॉन्टमुळे होत नाही, एक ओळ बदलायला बाहेरचा माणूस लागतो म्हणून होते. तेव्हा पुढे प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: पुढच्या जूनमध्ये फीचा आकडा कोण बदलणार, आणि त्याला किती मिनिटं लागणार?

आधी चाव्या कोणाकडे आहेत ते शोधा

डोमेन (साइटचं नाव, म्हणजे पत्ता) कोणाच्या नावावर, होस्टिंग (साइटच्या फायली जिथे ठेवतात ती भाड्याची जागा) कोणाचं, सी-पॅनेलचा (होस्टिंग सांभाळायचं पान) पासवर्ड कोणाकडे, साइटचं अ‍ॅडमिन लॉगिन कोणाचं, गुगल अकाउंट जोडलंय का, या पाच गोष्टी एका कागदावर लिहा. निम्म्या जागी प्रश्नचिन्ह येणार, येऊ द्या. कॉलेजचं डोमेन एसी डॉट इन किंवा ईडीयू डॉट इन असेल तर ते ईआरनेट इंडियाकडूनच घेतलेलं असतं, त्याचं रिन्यूअल तिथेच होतं, म्हणजे ऑफिसात कुठेतरी पावती असणारच, हेडक्लार्कना विचारा. डॉट कॉम किंवा डॉट ओआरजी असेल तर मात्र ते त्या साइटवाल्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं असण्याची शक्यता बरीच, आणि ते आधी कॉलेजच्या नावावर करून घेतल्याशिवाय बाकी कशालाच हात लावू नका.

ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो हेही बघा. बऱ्याचदा तो रिटायर झालेल्या सरांच्या नंबरवर जात असतो, मग सरांना फोन करून “सर, आत्ता एक नंबर येईल तो सांगा” अशी वरात. विभागाच्या नावाने एक ईमेल काढा, व्यक्तीच्या नावाने नको, सगळी खाती त्यावर वळवा आणि रिकव्हरीला दोन वेगवेगळ्या माणसांचे नंबर द्या.

मग सगळ्याची कॉपी, एक नव्हे तीन

सी-पॅनेल असेल तर फुल बॅकअप घ्या, डेटाबेस (साइटचा मजकूर जिथे साठवलेला असतो तो) वेगळा एक्स्पोर्ट करा. लॉगिन मिळतच नसेल तर एचटीट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते बाहेरून दिसणारी सगळी पानं, फोटो, पीडीएफ उतरवून देतं. जे आधीच उडालंय त्यासाठी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुना पत्ता टाकून बघा, कधीकधी दहा वर्षांपूर्वीचं पानसुद्धा तिथे सापडतं.

ही कॉपी विभागातल्या एकाच कॉम्प्युटरवर ठेवली आणि झालं असं करू नका. आपल्याकडे हे सांगायला पुस्तकातलं उदाहरण लागत नाही, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावरचे कॉम्प्युटर, फायली, रजिस्टरं काय झाली ते सगळ्यांनी बघितलंय, त्याआधी जून २०२० मध्ये निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात छप्परंच्या छप्परं गेली. एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ड्राइव्हवर, आणि हार्ड डिस्क वरच्या मजल्यावरच्या कपाटात.

पानांची यादी

हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी भाग. एक एक्सेल उघडा, प्रत्येक ओळीत एक पान: पत्ता, त्यात काय आहे, शेवटचं कधी बदललं, त्याची माहिती कोणाकडे, आणि निकाल. निकाल चारच: ठेवा, दुसऱ्यात मिसळा, जुन्या संग्रहात टाका, काढून टाका. साठ-सत्तर पानांची साइट असली तर त्यातली वीस शिल्लक राहतील, घाबरू नका. ‘प्राचार्यांचं मनोगत’ कोर्सच्या साइटवर कशाला पाहिजे, ते कॉलेजच्या मुख्य साइटवर आहेच की, तिथली लिंक द्या. ‘आमच्याबद्दल’, ‘विभागाचा इतिहास’, ‘ध्येय’, ‘दृष्टी’ ही चार पानं एका पानात बसतात आणि वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र बघताच काढा, नवीन साइटची वाट बघू नका. जुन्या मेरिट लिस्ट, स्कॉलरशिपच्या याद्या, ज्यात मुलांची नावं, जात, मोबाइल नंबर, कधीकधी आधार आणि बँक खात्याचे नंबरसुद्धा उघडे पडलेले असतात, आणि गुगलमध्ये नाव टाकलं की वर येतात. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या मुलीचा फोन नंबर आपल्या साइटवर का असावा? नोंद म्हणून ऑफिसात ठेवा, साइटवरून काढा.

आणखी एक तपासणी. गुगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, लगेच कोलन, लगेच तुमचं डोमेन, मध्ये स्पेस न देता टाइप करून शोधा. तुमची पानं दिसायला हवीत. त्यात जपानी अक्षरं, ऑनलाइन जुगार किंवा औषधांच्या जाहिराती दिसल्या तर साइट हॅक झालेली आहे, मग जुन्या साइटच्या फायली जशाच्या तशा नव्या जागी नेऊ नका, फक्त मजकूर, फोटो आणि पीडीएफ उचला. जूमला आणि वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या, पण अपडेट न झालेल्या जुन्या साइट्सवर हे सर्रास होतं. पीएचपी (साइट चालवणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) ५.६ वर चालणाऱ्या साइट्स अजून सापडतात, त्या आवृत्तीला सिक्युरिटी अपडेट डिसेंबर २०१८ नंतर मिळालेलेच नाहीत. फ्लॅशमध्ये केलेली बॅनरं असतील तर ती तर १२ जानेवारी २०२१ पासून कुणाला दिसतच नाहीत, तिथे नुसती रिकामी चौकट आहे.

बदलणारं एकीकडे, न बदलणारं दुसरीकडे

इथे वेळ घालवा, डिझाइनवर नको.

कोर्सच्या साइटवरची माहिती बघितली तर ती तीन प्रकारची निघते. वर्षानुवर्षं तीच राहणारी: कोर्स काय आहे, कुठल्या विद्यापीठाशी संलग्न, लॅबमध्ये काय काय आहे, कॉलेजला कसं यायचं. वर्षातून एकदा बदलणारी: फी, जागा, प्रवेशाच्या तारखा, सिलॅबस, स्टाफ. आणि आठवड्याला बदलणारी: नोटिसा, टाइमटेबल, निकाल, कार्यक्रम. जुन्या साइटवर हे तिन्ही एकाच पानात कालवलेलं असतं, म्हणून फी बदलायला गेलं की ती पाच ठिकाणी सापडते, चार ठिकाणी बदलली जाते आणि पाचव्या ठिकाणची जुनी फी दाखवून पालक भांडायला येतात.

नियम साधा: एक माहिती एकाच जागी. फी फक्त ‘प्रवेश’ पानावर, बाकी सगळीकडून तिकडे लिंक. स्टाफची माहिती एकाच तक्त्यात किंवा एकाच फाइलमध्ये, नाव, पद, शिक्षण, विषय, ईमेल, आणि ‘आत्ता कार्यरत’ हो किंवा नाही. कोणी रिटायर झालं की ‘हो’चं ‘नाही’ करायचं, बस. प्रत्येकाचं स्वतंत्र पान, त्यात सतराशे साठ सेमिनारची यादी, हे कोणी अपडेट करत नाही, त्यापेक्षा ज्यांना हवं त्यांच्या स्वतःच्या ‘विद्वान’ पोर्टलवरच्या किंवा गुगल स्कॉलरवरच्या प्रोफाइलची लिंक द्या.

सिलॅबसचं तर विशेष सांगतो. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीची रचना आली, त्यामुळे अशा बदलाच्या काही वर्षांत फर्स्ट इयरला एक, थर्ड इयरला दुसरंच असा प्रकार होतो. पानाला ‘सिलॅबस नवीन’ असं नाव देऊ नका, पुढच्या वर्षी तो जुना झाला की ‘सिलॅबस नवीन २’ होतो. वर्ष लिहा: ‘प्रथम वर्ष, २०२४-२५ पासून’. पीडीएफच्या नावातही वर्ष. शक्य असेल तिथे विद्यापीठाच्या साइटवरची लिंक द्या आणि सोबत आपली एक कॉपी ठेवा, कारण विद्यापीठाच्या लिंकाही बदलतात.

उलट ‘प्रवेश’ पानाच्या पत्त्यात वर्ष घालायचं नाही. पत्ता कायमचा एकच ठेवा आणि आतला मजकूर दरवर्षी बदला, म्हणजे माहितीपुस्तिकेवर छापलेला क्यूआर कोड पाच वर्षांनीही चालेल.

नोटिसांना संपण्याची तारीख असू द्या. तारीख उलटली की नोटीस आपोआप मुख्य पानावरून संग्रहात जायला हवी. तुम्ही घेतलेल्या साधनात ही सोय नसेल तर मुख्य पानावर फक्त शेवटच्या पाच नोटिसा दाखवा, जुनी खाली सरकत जाते. आणि ती सरकणारी पट्टी काढाच, फोनवर ती कोणालाच वाचता येत नाही.

साधन कुठलं घ्यायचं

इथे सगळे भांडतात. मी तीनच पर्याय देतो, आणि निवड तुमच्याकडे माणसं कोण आहेत त्यावरून करा.

विभागात दोन-तीन शिक्षक, तांत्रिक माणूस कोणी नाही, पानं पंधरा-वीस: गुगल साइट्स. वर्डमध्ये टाइप करता येणाऱ्या कोणालाही जमतं, अपडेटची कटकट नाही, होस्टिंगचा खर्च नाही. दिसायला साधी दिसते, हवं तसं वाकवता येत नाही, आणि उद्या दुसरीकडे जायचं तर मजकूर जवळपास हातानेच न्यावा लागतो. तरी छोट्या सर्टिफिकेट कोर्ससाठी, फळप्रक्रिया असेल, मत्स्यप्रक्रिया असेल, पर्यटन असेल, मी हीच सांगेन.

कॉलेजची मुख्य साइट वर्डप्रेसवर असेल आणि तिथे कोणीतरी खरोखर अपडेट करत असेल: वर्डप्रेसच घ्या, जमलं तर त्याच साइटमध्ये विभागाचा कोपरा मागून घ्या. थीम (साइटच्या दिसण्याचा तयार साचा) वर्डप्रेससोबत येणारी फुकटचीच घ्या, कुठून तरी क्रॅक केलेली ‘प्रीमियम’ थीम कोणी पेनड्राइव्हवर आणून दिली तर हात जोडून परत करा, हॅकिंगचा दरवाजा बहुतेक तिथेच असतो. प्लगइन (जादा सोयींसाठी लावायचे जोड) जितके कमी तितकं बरं. स्लायडरचा एक, काउंटरचा एक, बर्फ पडणारा एक असे वीस प्लगइन लावले की दर महिन्याला त्यातला एकतरी मोडतो. ऑटोमॅटिक अपडेट चालू ठेवा.

कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटी विभाग आहे आणि तिथले एखादे सर किंवा मॅडम लक्ष घालायला तयार आहेत: मग स्टॅटिक साइट, म्हणजे जिची पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात अशी. ह्यूगो, जेकिल, इलेव्हन्टी अशी साधनं आहेत, त्यात मजकूर साध्या मार्कडाउन फायलींमध्ये (मथळे, याद्या साध्या चिन्हांनी दाखवलेल्या टेक्स्ट फायली) असतो, त्यातून तयार पानं बनतात आणि ती गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफायवर फुकट ठेवता येतात. मागे डेटाबेस नाही, पीएचपी नाही, त्यामुळे हॅक होण्यासारखं फारसं काही उरत नाही, आणि कोणी काय कधी बदललं याचा इतिहास आपोआप राहतो. गिटहब पेजेसवर साइटची मर्यादा १ जीबी आहे, तेव्हा स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ तिथे चढवू नका, यूट्यूबवर टाका आणि लिंक द्या. अडचण एकच, ज्या सरांनी हे उभं केलं त्यांची बदली झाली तर मागे राहिलेल्यांना मार्कडाउन म्हणजे काय इथून सुरुवात. म्हणून दोघांना शिकवल्याशिवाय हा पर्याय घेऊ नका.

कोणी कंपनीवाला क्वोटेशन घेऊन आला आणि “आमचं स्वतःचं सीएमएस (मजकूर टाकायचं सॉफ्टवेअर) आहे” म्हणाला तर विचारा की उद्या आम्ही एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) बंद केली तर आमचा मजकूर कुठल्या स्वरूपात परत देणार. नीट उत्तर आलं तर ठीक, “त्याची वेळच येणार नाही मॅडम” असं उत्तर आलं तर चहा पाजून पाठवून द्या.

मराठी मजकुराचं दुखणं

जुन्या साइटवरचा मराठी मजकूर बऱ्याचदा श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी योगेश असल्या फॉन्टमध्ये असतो. कॉपी करून दुसरीकडे टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. कारण आत मराठी नाहीच, आत इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत आणि फॉन्टने त्यांना देवनागरीचा मुखवटा घातलाय. म्हणून तो फोनवर दिसत नाही, गुगलला सापडत नाही, अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-कोडमध्ये, आणायला लागतं. कन्व्हर्टर मिळतात, पण फॉन्ट कुठला ते बरोबर ओळखायला हवं, श्रीलिपीच्याच अनेक आवृत्त्या आहेत आणि एकीचा कन्व्हर्टर दुसरीला चालत नाही. झाल्यावर डोळ्यांनी वाचा, चुका ठरलेल्या जागी सापडतात: ऱ्हस्व वेलांटी (जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर), रफार (तिथे नेमकं उलटं), ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ची गल्लत, क्ष, ज्ञ, श्र आणि ळ. ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा एक शब्द बरोबर आला की बाकीचं साधारण बरोबर आलंय समजा. मजकूर दोन-तीन पानांचाच असेल तर कन्व्हर्टरच्या नादी न लागता फोनवर बोलून टाइप करून घ्या, लवकर होतं.

नवीन साइटला मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आणि खुले आहेत. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला विसरू नका, सेटिंगमध्ये ती जागा असते. हिंदी किंवा इंग्रजी राहिली तर स्क्रीन रीडर चुकीच्या आवाजात वाचतो, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे न येता हिंदी वळणाचे येतात.

नोटीस वर्डमध्ये टाइप करायची, प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायची आणि तो तिरका फोटो पीडीएफ म्हणून चढवायचा ही पद्धत मोडायला वेळ लागेल. निदान एवढं करा की नोटिशीचा मजकूर पानावर टाइप केलेला असू द्या, सहीवाली पीडीएफ खाली जोडा.

वजन

तुमचा वाचक ब्रॉडबँडवर नाही. तो राजापूर-लांज्याच्या आतल्या वाडीत, पावसाळ्यात, लाइट गेलेली, टॉवर बॅटरीवर, आणि रेंज पडवीच्या एका कोपऱ्यातच येते. प्रवेश नेमके जून-जुलैतच असतात. त्यामुळे मुख्य पान अर्धा एमबीच्या आत ठेवा. मिरकरवाड्याच्या जेटीवर काढलेला क्षेत्रभेटीचा फोटो फोनमधून थेट चढवला तर तो एकटाच चार-पाच एमबीचा असतो, रुंदी १२०० पिक्सेल करा आणि वेबपी स्वरूपात सेव्ह करा, शंभर-दीडशे केबीत बसतो. प्रत्येक फोटोला एका ओळीचं वर्णन लिहा, आणि ते ‘फोटो १’ असं नको.

तपासायला लॅबमधला कॉम्प्युटर वापरू नका. एखाद्या फर्स्ट इयरच्या मुलीच्या हातात तिचाच फोन ठेवा, वायफाय बंद, आणि सांगा, “फी किती आहे आणि हॉस्टेल आहे का ते शोध गो.” तुम्ही मागे गप्प उभे राहा. ती कुठे अडखळते ते लिहून घ्या, तिला मदत करू नका.

नवीन साइट चालू करताना

मुहूर्त काढायचाच तर दिवाळीच्या सुट्टीनंतरचा काढा. प्रवेशाच्या दिवसांत नाही, नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) टीम यायच्या आठवड्यात नाही, गणपतीत तर नाहीच, काही अडलं तर फोन उचलायला कोणी नसतं.

डीएनएस म्हणजे तुमचं डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जायचं त्याच्या नोंदी, आणि टीटीएल म्हणजे त्या नोंदी किती वेळ जुन्याच धरल्या जातात ते. ही टीटीएल एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा म्हणजे बदल लवकर पसरतो आणि गडबड झाली तर लवकर परतही फिरता येतं. डीएनएस हलवताना एमएक्स नोंदी (ईमेल कुठल्या सर्व्हरकडे जायचे ते सांगणाऱ्या) जशाच्या तशा उतरवून घ्या, त्या राहिल्या तर साइट छान चालते आणि कॉलेजचे ईमेल गुपचूप बंद पडतात. जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) लावा, तुमच्या एक्सेलमधली यादी इथे कामाला येते. विशेषतः नॅकच्या एसएसआर आणि एक्यूएआर या अहवालांमध्ये दिलेल्या लिंका, त्या तुटल्या तर आयक्यूएसीचे (कॉलेजची गुणवत्ता समिती) समन्वयक तुम्हाला शोधत येतील. गिटहब पेजेसवर असा सर्व्हरवरचा रीडायरेक्ट लिहिता येत नाही, क्लाउडफ्लेअर पेजेस आणि नेटलिफायवर एका साध्या फाइलमध्ये लिहिता येतो, निवड करतानाच हे बघा. एचटीटीपीएस (साइटची सुरक्षित जोडणी) लावा, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, फक्त त्याची मुदत कमी असते म्हणून आपोआप रिन्यू होतंय ना ते एकदा बघून घ्या. जुलै २०१८ पासून क्रोम एचटीटीपीएस नसलेल्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असं दाखवतो आणि ते बघून पालक फी ऑनलाइन भरायला घाबरतात.

नंतरचं

दोन माणसं नेमा, एक नको, आणि त्यातला एक ऑफिसातला असू दे कारण शिक्षकांची बदली होते. एका पानाची मराठी सूचना लिहा: लॉगिन कुठे, नोटीस कशी टाकायची, फी कुठे बदलायची, डोमेन आणि होस्टिंग कधी संपतं. पासवर्ड त्या कागदावर नको, तो पासवर्ड मॅनेजरमध्ये. सूचना लिहून झाली की ज्याने साइट कधी बघितलेली नाही अशा माणसाला नुसता कागद देऊन एक नोटीस टाकायला सांगा, तो जिथे थांबेल तिथली ओळ पुन्हा लिहा.

वर्षातून तीनदा बघितलं तरी पुरतं: मेच्या शेवटी फी, जागा आणि तारखा, दिवाळीनंतर स्टाफ आणि तुटलेल्या लिंका, जानेवारीत बॅकअप खरंच उघडतो का ते.

जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका. तीनेक महिने चालू राहू दे, तेवढ्यात कोणीतरी येतंच, “सर, ती आमची २०१६ ची पीडीएफ कुठे गेली?” ईमेल त्याच होस्टिंगवर आहेत का ते पुन्हा एकदा बघा, असतील तर आधी ते हलवा, आणि मगच ऑफिसात लेखी कळवून ती एएमसी थांबवा.